बारा मिलिमीटर

पप्पांच्या बोटांना मिलिमीटर कळायचा. यात कौतुकाचं काही नाही, तो त्यांचा धंदाच होता. सेलूच्या एका जिनिंगमध्ये ते कापूस पारखायचे. शेतकऱ्याची गाडी आत आली की पप्पा बाही वर सारून ढिगात कोपरापर्यंत हात खुपसत आणि आतला कापूस मूठभर बाहेर काढत, कारण वरचा थर सगळेच चांगला ठेवतात. त्यातली ओल त्यांना मुठीत धरल्याबरोबर समजायची. मग ते एका चिमटीतली सरकी काढून टाकत, उरलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांखाली धरून ओढत, टोकं जुळवून पुन्हा ओढत. तीन-चारदा असं केलं की बोटांत केसांसारखी सरळ लडी उरायची. ती ते पट्टीवर ठेवत नसत. "एकोणतीस," म्हणत, किंवा "तिसाला जरा कमी हाय," आणि शेठ पुढचं बोलणं सुरू करत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात, बाजारात त्याला सगळे एमेम म्हणतात. आजोबा याच बाजारात पाठीवरून गाठोडी वाहायचे. तिथे खुर्चीवर बसणारे पप्पा आमच्या घरातले पहिले. शेठ त्यांना नामदेवराव म्हणायचे, आणि त्यातला 'राव' त्या दहा बोटांमुळे आला होता, हे आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं.

घर स्टेशनच्या पलीकडे, विहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. हंगामात सगळीकडे कापसाचे तंतू असायचे: पप्पांच्या भुवयांत, चहाच्या सायीवर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, माझ्या वह्यांच्या पानांत. जिनिंगची घरघर दिवसभर ऐकू यायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की वीज जाऊन ती थांबली की आम्ही तिघंही बोलणं थांबवून वर बघायचो. मम्मी अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारी घरी आली की ती दारात बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायची आणि संध्याकाळी त्या दाण्यांची आमटी करायची, लसूण जरा जास्त घालून. पप्पा जेवायला बसले की भाकरी मोडण्याआधी बोटांनी एकदा दाबून बघायचे.

"आज पानी जास्त झालं गं."

"भाकरीचाबी भाव काढा आता," मम्मी तव्यावरून नजर न हलवता म्हणायची. "तेवढंच राहिलंय."

मी या बोलण्यात नसायचे. मी बघायचे. पप्पांनी मला इंग्लिश शाळेत घातलं होतं, आणि त्या शाळेनं मला दोन गोष्टी दिल्या: एक स्वच्छ इंग्रजी, आणि घरात व गल्लीत कायम थोडं बाजूला उभं राहायची सवय. आमच्या गल्लीतल्या मुली माझ्याशी बोलताना उगाचच नीट बोलायच्या. मी उत्तर मनात तयार करेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. हळूहळू मी उत्तर तयार करणंच सोडून दिलं.

बारावीनंतर डॉक्टर होण्याइतके गुण पडले नाहीत. मग परभणीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं. या शब्दात 'शास्त्र' आहे एवढ्यावर पप्पांना तो विषय पसंत पडला. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. दुसऱ्या वर्षी एक पेपर होता, मानवी वर्तनाचे जैविक अधिष्ठान. माणूस रागावतो, घाबरतो, विसरतो, एखाद्याला ओळखतो, या सगळ्याखाली मांस आणि पेशी आहेत, असं सांगणारा. मला तो पहिल्या तासापासून आवडला, पण तो मराठीत होता. चेतापेशी, अक्षतंतू, मज्जारज्जू, लघुमस्तिष्क. सर सांगत जायचे आणि मी हे शब्द पहिलीतल्या मुलीसारखे काना-मात्रा बघत लिहायचे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर घरी येऊन पुस्तकातलं इंग्रजी. आज मी मराठीत लिहिते आहे ती मराठी मला त्या डाव्या पानांनी शिकवली. घरात आम्ही जी बोलायचो ती मला बोलता येत होती, पण कागदावर कशी ठेवायची हे ठाऊक नव्हतं.

शिकवायला काळे सर होते. ते पाथरीहून जीपनं येत, तासिका तत्त्वावर शिकवत, आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजला पोचायचं असल्यानं सतत घड्याळाकडे बघत. वर्गात आम्ही अकरा जण. एके दिवशी सरांनी फळ्यावर एक विचित्र माणूस काढला. मेंदूच्या वरच्या भागात एक पट्टा असतो, त्यात सगळ्या शरीराच्या स्पर्शाची जागा ठरलेली असते, पण ती सारखी वाटलेली नसते. ओठांना आणि बोटांना खूप, पाठीला अगदी थोडी. त्या हिशेबानं माणूस काढला तर तो असा दिसतो: हात सुपाएवढे, ओठ फुगलेले, धड काडीसारखं.

"सर, ये तो आमच्या मामूसारखा दिसायलाय," रुबिना म्हणाली, आणि सगळे हसले. रुबिना माझ्या शेजारी बसायची. परभणीतच राहायची, आणि मला पहिल्या दिवसापासून लंडन म्हणायची.

तो माणूस मी वहीत उतरवून घेतला आणि घरी पप्पांना दाखवला. मी आपण होऊन काही दाखवावं असं फार क्वचित घडे, म्हणून ते चष्मा लावून नीट बघत बसले. पाठीपेक्षा बोटांना जागा जास्त, हे त्यांना फार आवडलं.

"माझ्या डोक्यात तर बोटाशिवाय दुसरं काहीच नसंल मंग," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या आज्याचं चित्र काढलं असतं तर पाठ मोठी निघाली असती."

त्याच थंडीत काहीतरी बदलत होतं आणि मी ते बघत होते. बघत होते हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर मला कळलंच नाही असं म्हणायची सोय माझ्याजवळ नाही. पप्पा किल्ली काढायला खिशात हात घालायचे आणि आत चाचपून किल्ली उचलण्याऐवजी खिशातलं सगळं बाहेर काढून डोळ्यांनी शोधायचे. सदऱ्याची बटणं मम्मी लावून द्यायला लागली. कधी सुरू झालं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चहाची बशी त्यांच्या उजव्या हातातून दोनदा सुटली. आणि एका रविवारी मी त्यांना डबा द्यायला जिनिंगवर गेले तेव्हा ते मूठभर कापूस ओठांना लावून उभे होते, डोळे मिटून. ओल ओठांनी बघत होते. मला बघितल्यावर त्यांनी कापूस खाली टाकला आणि तोंड पुसलं.

शेठ गादीवरून सगळं बघत होते. त्या आठवड्यात ओला कापूस पास झाला म्हणून सूतगिरणीकडून तक्रार आली होती, तीही दुसऱ्यांदा. "का हो नामदेवराव," ते सगळ्या हमालांसमोर मोठ्यानं म्हणाले, "हात घरी ठिवून यायलाव का आजकाल? का दुसऱ्या कुनाच्या कामाला लावलाय?"

हमाल हसले. पप्पाही हसले. ते हसणं मला आवडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या कामाला, म्हणजे पप्पा कुठल्या व्यापाऱ्याला सामील झाले आहेत, असं शेठना सुचवायचं होतं. पप्पांना हात गेला हे सांगता येत नव्हतं आणि माणूस फिरला हे कबूल करता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मम्मीनं त्यांच्याकडून शनिवारी डॉक्टरला दाखवायचं कबूल करून घेतलं. "हात बधिर झालाय असं सांगायचं," ती म्हणाली. "लाज कसली त्यात?"

शनिवारच्या आधी माझं प्रात्यक्षिक आलं. प्रात्यक्षिकात प्रयोग करणारा एक आणि ज्याच्यावर करायचा तो प्रयुक्त एक. इतर जण एकमेकांवर करून मोकळे व्हायचे. मला कुणाला विचारणं जमलं नाही, म्हणून मी सरांना सही देऊन उपकरण घरी आणलं. प्रयोग स्पर्शाचा होता. पितळी कंपासासारखं ते साधन, दोन टोकांचं, मध्ये मिलिमीटरच्या खुणा. प्रयुक्ताचे डोळे बांधायचे, दोन्ही टोकं एकाच वेळी कातडीवर हलकी टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? अंतर फार कमी असेल तर दोन टोकं एकच वाटतात. वाढवत न्यायचं, दोन कळायला लागतील ते अंतर लिहायचं. बोटाच्या टोकाला ते दोन-तीन मिलिमीटर येतं असं पुस्तकात होतं. पप्पांचं त्याहून कमी येईल आणि ते मी वर्गात सांगेन, असं मी गाडीत ठरवत आले होते. वर्गात सांगायचं असं मी पहिल्यांदाच काही ठरवलं होतं.

संध्याकाळची वेळ होती. पप्पा लोखंडी कॉटवर बसले, मम्मीनं त्यांच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली आणि म्हणाली, "आता खरं बोलायचं बरं का, कोर्टात बसलाव." पप्पांनी उजवा हात पुढे केला. मी तर्जनीवर टोकं टेकवली, दोन मिलिमीटर.

"एक."

तीन. "एक." चार. "एक." पाचला ते हसले, "अगं दुसरं टोक लाव की, एकच लावायलीस." मी टोकं आणखी लांब केली. सहा. सात. "एक." आठनंतर ते हसायचे थांबले. मम्मी शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. दहा. "एक." बाराला ते म्हणाले, "दोन. दोन असावेत."

मी पेन्सिलीनं रफ वहीत बारा लिहिलं. पप्पांनी ओढणी काढली नाही. "आता डावा बघ," म्हणाले. प्रयोगात डावा हात नव्हता, एकाच हाताच्या चार जागा घ्यायच्या होत्या. पण मी घेतला. दोन मिलिमीटर म्हणजे पहिल्याच वेळेला ते म्हणाले, "दोन." मी तो आकडा समासात लिहिला, लहान, बाजूला.

"काय आलं?"

"सरांना दाखवून सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलाशी रांग होती. आमच्याकडे प्रयोगवही करण्याची एक रीत होती आणि ती कुणी लपवत नव्हतं. आधी निष्कर्ष लिहायचा, तो पुस्तकात असतोच, आणि मग त्याला जुळतील असे आकडे भरायचे. चांगली वही एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जायची. रुबिनाच्या मोबाईलवर तिच्या मोठ्या बहिणीच्या वहीचे सगळे फोटो होते आणि निम्मा वर्ग त्यावरूनच उतरवत होता. सरांनी माझी रफ वही उघडली.

"हे काय? बोटाचं टोक आणि बारा?"

मी मान हलवली.

"अगं, बारा तळहाताला येतं. एका टोकावर जोर जास्त पडला असणार तुझा. प्रयोगकर्त्याची चूक म्हणतात याला." ते रागावले नव्हते. "फेअरमध्ये अडीचच्या आसपास बसव. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना समजावत बसायला कुणाला वेळ आहे? प्रयुक्ताला काही आजार आहे का?"

"नाही, सर."

"मग झालं तर."

डावा हात बरोबर आला होता, सर. जोर माझा चुकला असता तर डाव्यालाही चुकला असता. हे वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. दहा-पंधरा शब्द. माझ्यामागे रांग होती, सरांनी पुढच्या वहीसाठी हात पुढे केला होता, आणि मी ते इंग्रजीत म्हणावं की मराठीत, संवेदनक्षमता म्हणावं की नुसतं कळणं म्हणावं, एवढ्यात अडकले. मी वही उचलली आणि बाजूला झाले.

"अगं ए लंडन," रुबिना म्हणाली, "तोंड का उतरलंय? माझ्या आपानं तर प्रयोग केलाच न्हाई, डायरेक्ट लिहिला. टेन्शन कायको लेती?"

बाकावर बसून मी फेअर वहीत पेनानं लिहिलं: तर्जनीचे टोक, उजवा हात, अडीच मिलिमीटर. खाली रेघ मारली, पट्टीनं.

त्या संध्याकाळी पप्पा मला घ्यायला स्टेशनवर आले होते. एरवी मी चालत जायचे. गाडी थांबायच्या आतच ते मला खिडकीतून दिसले, उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून उभे. मी खाली उतरले तशी त्यांनी पिशवी डाव्या हातानं घेतली.

"काय म्हनले सर?"

"नॉर्मल आहे, पप्पा. माझाच जोर जास्त पडला होता."

"उजवाबी?"

"उजवापण."

त्यांनी हात खिशातून काढला, उलटासुलटा करून बघितला, जणू तो नुकताच त्यांना परत मिळाला होता. "मंग बरं हाय," ते म्हणाले. "लय दिवस काम करून बोटं थकली असतील. थंडीबी हाय यंदा." घरी येईपर्यंत ते बोलत होते. मम्मीला म्हणाले, "मशीन लावून बघितलंय पोरीनं. कॉलेजातल्या सरानं सांगितलंय. शनिवार-बिनिवार काही नगं." मम्मीनं माझ्याकडे बघितलं. मी हातपाय धुवायला मोरीत गेले.

नंतर मला कळलं की त्यांनी हे जिनिंगमध्येही सांगितलं. शेठ पुन्हा काही बोलले तेव्हा भर बाजारात हात वर करून म्हणाले, हा हात कॉलेजात तपासलाय. मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले. माझ्या वहीवर लाल शाईनं 'उत्तम' आलं. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला होते.

मी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते आणि दरवर्षी वह्या तपासते. फार सुबक आकडे दिसले की मी त्या मुलीला किंवा मुलाला बाजूला बोलावून रफ वही मागते. माझी सगळ्यांत कडक बाई अशी ख्याती आहे. का, ते मी त्यांना सांगत नाही.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, हंगामाचा शेवटचा माल येत होता तेव्हा, पप्पांचा उजवा हात ढिगात असतानाच थरथरायला लागला. बघणाऱ्यांना वाटलं ते काही शोधताहेत. मग हात बाहेर आला तरी तो थांबेना, बोटांकडून खांद्याकडे झटके चढत गेले आणि ते कापसातच आडवे झाले. हमालांनी नाकाला चप्पल लावली, कांदा फोडून आणला. मम्मी पोचली तेव्हा ते शुद्धीवर आले होते आणि कापूस ओला आहे, घेऊ नका, असं सांगत होते. मी परभणीहून थेट सरकारी दवाखान्यात गेले. तिथून त्यांना नांदेडला नेलं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या. डोक्याचे फोटो काढून झाले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, वर, गाठ होती. त्यांनी ती फिल्म खिडकीकडे धरली तेव्हा मी जागा ओळखली. काळे सरांनी फळ्यावर काढलेल्या त्या माणसाचा उजवा हात मेंदूच्या पट्ट्यात जिथे असतो, तिथे. मग त्यांनी टेबलावरची कागदांना लावायची पिन सरळ केली, तिची दोन टोकं शेजारी आणली आणि पप्पांना म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. सांगा, एक का दोन?"

पप्पा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. "हे तर आमच्या पोरीनं केलंय घरी. मागंच. तवा नॉर्मल आलतं."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कधी?"

"डिसेंबरमध्ये," मी म्हणाले.

"चार महिन्यांपूर्वी हा हात नॉर्मल होता?" त्यांनी पेन उचललं. "म्हणजे फार वेगानं वाढलीय. मग आपल्याला वेगळा विचार करावा लागेल." आणि त्या लिहायला लागल्या.

माझा अडीचचा आकडा त्या कागदावर चढत होता. मम्मी उशाशी उभी होती. पप्पा माझ्याकडे अभिमानानं बघत होते, पोरीचं नाव दवाखान्यात निघालं म्हणून. मराठीत माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. मग मी इंग्रजीत बोलले. पप्पांनी ज्या शाळेत मला घातलं त्या शाळेतलं इंग्रजी, भरभर, न अडखळता. मी सांगितलं की तो आकडा खोटा आहे, उजव्या तर्जनीला बारा मिलिमीटर आलं होतं, डाव्या हाताला दोन, मी ते वहीत बदललं आणि घरी येऊन वडिलांना नॉर्मल सांगितलं, आणि कृपा करून त्यांना आत्ता हे कळू देऊ नका. सगळं सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कितव्या वर्षाला आहेस, तेही इंग्रजीत.

"काय म्हनली ती?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही काका. हुशार आहे तुमची मुलगी," डॉक्टर म्हणाल्या आणि पिन पुढे घेऊन आल्या.

नंतर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, डिसेंबरमध्ये आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित हात जास्त वाचला असता. कदाचित नाही. मला त्या वेळी वाटलं की त्या मला सांभाळून घेताहेत. आता इतकं वाचल्यावर कळतं की त्या खरं तेच बोलत होत्या. त्यानं काही हलकं झालं नाही.

ऑपरेशन झालं. पप्पा वाचले, बोलत होते, चालत होते. उजवा हात खांद्याला लटकलेला राहिला. दिसायला धड, पण त्याच्याकडे बघितल्याशिवाय तो काय करतोय हे त्यांना कळायचं नाही. शेठनं कापसाची ओल बघायचं यंत्र आणलं. ते भेटायला आले तेव्हा मोसंबी घेऊन आले आणि पप्पांना नामदेव म्हणाले.

दिवाळीनंतर पुन्हा जिनिंगची घरघर सुरू झाली. पप्पा दिवसभर कॉटवर बसून ती ऐकायचे. कुणीतरी शेतातून आणून दिलेला थोडा कापूस मम्मीनं वातीसाठी ठेवला होता, त्यातली चिमूट ते डाव्या हातात धरून बसायचे. ओढायला दोन हात लागतात. मी शेवटच्या वर्षाला होते, समोर बसून वाचत होते. मम्मी अंगणवाडीत गेली होती.

"ट्वेल्व्ह एमेम," पप्पा म्हणाले.

मला वाटलं कापसाबद्दल बोलताहेत. मी वर बघितलं. ते कापसाकडे बघत नव्हते.

"त्या डॉक्टरीनबाईला म्हनलीस तू. ट्वेल्व्ह, मंग टू. बाकीचं न्हाई कळलं मला. तेवढं इंग्लिश येतं. जिंदगी एमेममधी गेली माझी."

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं ते विचारतील, का. दवाखान्यातल्या कॉटवर, ऑपरेशनच्या आधी, डोक्याचे केस काढताना, तिथून आजपर्यंत त्यांना हे माहीत होतं आणि ते मला पाणी दे, पेपर दे म्हणत राहिले होते.

"त्या दिवशी मला कळलं व्हतं, बारालाबी दोन लागले न्हवते," ते म्हणाले. "मी अंदाजानं म्हनलो. तू म्हनलीस नॉर्मल, मंग म्या बी धरून चाललो." त्यांनी कापसाची चिमूट खाली ठेवली. रागावल्याचं चिन्ह नव्हतं, माफ केल्याचंही नव्हतं. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि माझ्यासमोर कॉटवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "तुझा कंपास आन. आता किती हाय बघ."

मी शाळेतल्या कंपासपेटीतलं दोन टोकांचं साधन आणलं. ओढणी बांधायला कुणी नव्हतं, त्यांनी स्वतःच डोळे मिटले. दोनपासून सुरुवात केली. पाच. दहा. बारा. पंधरा. दर वेळी ते म्हणायचे, "न्हाई." एकसुद्धा म्हणत नव्हते. विसाला बोट संपलं.

"काय आलं?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, पप्पा. वीसपर्यंत काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. गाडीतला माल बघून झाल्यावर हलवायचे तशी.

"लिव्ह," ते म्हणाले. "पेनानं लिव्ह."